ओठबोली

शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून गाडी शिकवायची, तर त्याच्या तोंडाकडे बघून चालत नाही. नजर रस्त्यावर ठेवायची, पाय ब्रेकपाशी ठेवायचा आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायचा. हे सगळं तिच्या अंगात इतकं मुरलं होतं की नवऱ्याशीसुद्धा ती खिडकीबाहेर बघत भांडायची. "माझ्याशी बोलते आहेस की पडद्याशी?" तो विचारायचा. "पडदा निदान ऐकून घेतो," ती म्हणायची. दिवसभर 'क्लच, अरे क्लच' असा घोष चालायचा म्हणून शिकणाऱ्या पोरापोरींनी तिचं नाव क्लचबाई ठेवलं होतं आणि तिलाही ते आवडायचं.

गंमत म्हणजे हीच बाई अशा घरात जन्मली होती, जिथे समोरच्याच्या तोंडाकडे बघितल्याशिवाय पान हलत नसे. तिचे वडील, अण्णा, पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात ठोकणीच्या यंत्रावर होते. आई त्याच कारखान्यात डब्यांवर झाकणं बसवायची. तिथे कानठळ्या बसवणारा आवाज दिवसभर चालायचा. ओरडून घसा बसला तरी शेजारच्याला काही कळत नसे, म्हणून तिथली माणसं आवाज न काढता ओठांनीच बोलायची. ओठ जरा जास्त उघडायचे, शब्द सुटा सुटा करायचा आणि समोरच्याने तो डोळ्यांनी टिपायचा. अण्णा आणि आई घरीही तसंच बोलायचे. पाहुणा समोर चहा पीत असायचा आणि त्याच्या डोक्यावरून आई अण्णांना ओठांनी विचारायची, 'हे आज उठणार आहेत की इथेच अंथरूण घालू?' पोरं गालातल्या गालात हसायची. घरात सगळे तिला ओठबोली म्हणायचे. क्लचबाई आणि तिचा धाकटा भाऊ लिहायला शिकायच्या आधी ही बोली शिकली. शाळेत सगळ्या इयत्ता एकाच खोलीत बसायच्या; धाकटा तर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यातल्या ताईकडून गणिताची उत्तरं घ्यायचा, आणि मास्तर बिचारे बाकाखाली चिठ्ठ्या शोधायचे.

आई गेली. अण्णांचे कान कारखान्याने आधीच खाल्ले होते. मग एके दिवशी त्यांना झटका आला. त्यात आवाज गेला, उजवा हात लुळा पडला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. दवाखान्यात क्लचबाई त्यांच्यासमोर बसून ओठांकडे टक लावून बघत राहायची, पण त्या वाकड्या ओठांतून एक शब्दही उमटेना. धाकट्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "ताई, ओठबोलीपण गेली गं," तो म्हणाला आणि दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून रडली. कानाने ऐकू येत नाही, तोंडाने बोलता येत नाही, हाताने लिहिता येत नाही. अण्णा असूनही नसल्यासारखे झाले.

क्लचबाई दुसऱ्या शहरात राहायची. धाकटा अण्णांच्याच घरात, बायको आणि दोन मुलांसह. तो विमा एजंट होता, म्हणजे बोलून बोलून पोट भरणारा. त्यानेच ही जागा शोधली. क्लचबाईच्या तोंडून 'वृद्धाश्रम' शब्द निघाला तर म्हणाला, "तसं नको म्हणूस, ताई. केअर होम म्हण. तिथे नर्स असते, डॉक्टर येतात. आणि मी दर आठवड्याला जाणारच आहे. तू निर्धास्त राहा." ती निर्धास्त राहिली. ज्याला कडेवर घेऊन वाढवलं, त्याच्यावर विश्वास टाकायचा नाही तर कुणावर टाकायचा? भेटून आला की न चुकता त्याचा फोन यायचा. "मजेत आहेत. गाल भरलेत जरा."

तिला कामातून सवड मिळाली की ती यायची. येण्याआधी कळवायचं, हा तिथला नियम होता. "म्हणजे आजोबांना तयार ठेवता येतं," संचालिकाबाई म्हणायच्या. या बाईंच्या बोलण्यात इतकी साखर होती की ऐकणाऱ्याच्या कानाला मुंग्या लागाव्यात. भेटीचा हॉल स्वच्छ, खुर्च्या सगळ्या एका ओळीत आणि सगळ्यांची तोंडं टीव्हीकडे. अण्णांना आणून बसवायचे, दाढी केलेली, भांग पाडलेला. क्लचबाई शेजारी बसायची, त्यांचा डावा हात हातात घ्यायची आणि 'या कानाने येतं थोडं' म्हणत मदतनीस बाईने दाखवलं होतं तसं त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने बोलायची. बोलताना समोर बघायची. शेजारी बसून समोर बघत बोलणं हा तर तिचा धंदाच होता.

अण्णा सारखे तिच्याकडे वळायचे. ओठ हलवायचे. पहिल्यांदा ती दचकली होती. "काही म्हणतायत का?"

"नाही हो," संचालिकाबाई हळहळल्या. "सवय असते ती. चघळल्यासारखं करतात. आम्हालाही बघवत नाही. तुम्ही लक्ष दिलंत की जास्त करतात, मग थकतात." आणि मदतनीस बाईने हलक्या हाताने अण्णांची हनुवटी टीव्हीकडे फिरवली.

तिने धाकट्याला विचारलं. तोही तेच म्हणाला. "मी तर आता बघतच नाही त्यांच्या तोंडाकडे." तेव्हापासून तीही बघेनाशी झाली. एवढंच तिच्या नजरेतून सुटलं नाही की अण्णांचे ओठ नेहमी फुटलेले असायचे, कोपऱ्यात रक्त सुकलेलं असायचं. तिने मलमाची डबी आणली. "हवा फार कोरडी आहे ना," मदतनीस बाई म्हणाली. हवा खरंच कोरडी होती. क्लचबाईने मलम लावलं आणि घरी जाऊन शेजारणीलाही सांगितलं की तुझ्या सासऱ्यांसाठी बघ, जागा फार चांगली आहे.

त्या दिवशी तिला त्याच शहरात काम निघालं. एका शिकाऊ मुलीची लायसन्सची परीक्षा होती. मुलीने सिग्नलवर गाडी बंद पाडली, रडली, तरीही पास झाली. दुपार मोकळी होती. कळवायचा नियम तिच्या लक्षात होता, पण बापाला भेटायला कसली वर्दी द्यायची, असं म्हणून ती तशीच गेली.

दार उघडणारी मदतनीस बाई तिला बघून गडबडली. आत गेली, बाहेर आली. "आज आत नाही सोडता येणार, ताई. सर्दीची साथ आहे. उद्या या ना, फोन करून."

"लांबून आलेय. नुसतं तोंड बघून जाते. खिडकीतून चालेल."

क्लचबाई इमारतीला वळसा घालून मागे गेली. फुलझाडांचा वाफा नुकताच भिजवलेला होता, चपला चिखलात रुतल्या. खोलीची खिडकी बंद होती. काचेपलीकडे अण्णा खुर्चीत बसले होते. दाढी वाढलेली, अंगात गळ्याशी मळलेला सदरा. ही खोली तिने त्यांना ठेवलं त्या दिवशी पाहिली होती, नंतर कधीच नाही.

तिने काचेवर बोटांनी वाजवलं. अण्णांना ते ऐकू येणार नव्हतं, पण काचेवर पडलेली तिची सावली त्यांना दिसली. त्यांनी मान वर केली. ओठ हलले.

इथे कान नव्हता, ज्याच्याशी तोंड न्यावं. टीव्ही नव्हता, ज्याकडे बघावं. एवढा मोठा काचेचा तुकडा आणि त्यात मधोमध अण्णांचं तोंड. तिने बघितलं.

'ठमे.'

लहानपणापासून तिला ठमी म्हणणारं एकच माणूस जगात उरलं होतं. तिला वाटलं भास झाला. अण्णांनी पुन्हा ओठ उघडले, कारखान्यात उघडायचे तसे, जरा जास्त, शब्द सुटा करून. 'ठमे, पाणी.' तोंडाचा एक कोपरा अजून किंचित उतरलेला होता, पण शब्द लख्ख होता. वाचायला अडचण येईल असं त्यात काही नव्हतं.

तिचे स्वतःचे ओठ कितीतरी वर्षांनी आवाजाशिवाय हलले. 'अण्णा, तुम्ही बोलताय.'

'कधीपासून बोलतोय.' त्यांचे डोळे भरून आले, पण ओठ थांबले नाहीत. 'दुपारनंतर पाणी देत नाहीत. रात्री चादर भिजते म्हणून.'

'मागायचं ना.'

'कशाने मागू?' त्यांनी डोळ्यांनी वर खूण केली. भिंतीवरची बोलावण्याची घंटी, तिची दोरी वरच्या खिळ्याला गुंडाळून ठेवली होती. उभ्या माणसाचाच हात पोचेल इतकी वर. कपाटावर काचेचा तांब्या होता, काठोकाठ भरलेला, शेजारी पालथा पेला. तोही तितकाच उंच. 'ते पाणी डॉक्टरांना दाखवायला,' अण्णा म्हणाले. 'आणि कुणी भेटायला येणार नसलं की गोळी देतात. गोळी घेतली की मी दिवसभर शहाण्यासारखा असतो. आज गोळीवाली रजेवर आहे म्हणून तुला जागा सापडलो.'

अजूनही ते थट्टा करत होते, आणि त्यामुळेच तिला रडू फुटलं. 'मला का नाही सांगितलंत?'

'दर वेळी सांगत होतो. तू टीव्ही बघत होतीस.'

तिने कपाळ काचेला टेकवलं. मान वर केली तेव्हा अण्णा तिचीच वाट बघत थांबले होते. बोलणाऱ्याने समोरच्याचे डोळे वर येईपर्यंत थांबायचं, ही ओठबोलीची रीत.

'धाकट्याला माहीत आहे,' ते म्हणाले. 'तोंड सरळ झाल्यापासून त्याला सगळं सांगतोय. तो उत्तरंही देतो. बघतो म्हणतो. दर वेळी म्हणतो, बघतो.'

याच्यावर मात्र तिचा विश्वास बसेना. पाणी, घंटी, तांब्या, सगळं डोळ्यांसमोर होतं. पण धाकटा? तिच्यासमोर रडलेला, दर आठवड्याला फोन करणारा? झटक्याने डोक्यावरही परिणाम होतो, डॉक्टर म्हणाले होते. अण्णांना भास होत असतील. असं तिने स्वतःला समजावलं, आणि समजावताना तिच्या लक्षात आलं की बाप खुळा निघाला तर बरं, असं तिला वाटतंय. तिला स्वतःचीच शिसारी आली.

तिने धाकट्याला फोन लावला. "ये," एवढंच म्हणाली.

तो येईपर्यंत ती संचालिकाबाईंच्या केबिनमध्ये बसली. अण्णांना चाकाच्या खुर्चीतून आणायला लावलं आणि आधी पेलाभर पाणी पाजलं. सर्दीची साथ तेवढ्यात कुठे गेली, कुणी विचारलं नाही. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "तुमच्या भावना मी समजू शकते," त्या म्हणाल्या. "पण आजोबांना बोलता येत नाही. आमच्या डॉक्टरांचं तसं मत आहे, आणि तुमच्या भावांनीच आम्हाला तसं सांगितलेलं आहे. आणलं त्यांनी, जबाबदार नातेवाईक ते. त्यांच्या शब्दाशिवाय मी यांना कसं पाठवणार? आणि हे ओठांवरून तुम्ही जे काढता ते उद्या कुठे बोललात, तर माणसं हसतील हो."

बाई खोटं बोलत असतील, पण यात त्यांचं खरं होतं. अण्णा बोलतात, हे जगाला सांगू शकणारी माणसं आता दोनच होती. त्यातल्या एकीला ही बाई उडवून लावत होती. सगळी भिस्त दुसऱ्यावर होती.

धाकटा आला. शर्टाला इस्त्री, कपाळावर घाम. ताईला बघून हसला, अण्णांकडे न बघता त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसला. तेवढी एकच रिकामी होती.

"तुमच्या ताईंचं म्हणणं आहे, आजोबा त्यांच्याशी बोलले," संचालिकाबाई म्हणाल्या. "पाणी मिळत नाही म्हणाले. तुम्ही तर नेहमी येता. तुमच्याजवळ कधी काही तक्रार केली त्यांनी?"

क्लचबाई धाकट्याकडे बघत होती. अण्णाही बघत होते. त्यांचे ओठ हलले, 'सांग. सांग ना त्यांना.' समोर बसलेल्या धाकट्याचे डोळे त्या ओठांवर गेले, शब्द संपेपर्यंत तिथे राहिले आणि मग बाजूला झाले. मग त्याने हात वर नेला. मिशी पुसायला नेतात तसा. आणि तो तोंडासमोर तसाच धरून म्हणाला, "नाही हो. नुसते ओठ हलवतात. ताईला नेहमी येता येत नाही ना, तिला वाटलं असेल काहीतरी."

आवाज नेहमीसारखाच होता, मऊ, समजूतदार. ऐकणाऱ्याला त्यात काही वावगं वाटलं नसतं. पण क्लचबाई ऐकत नव्हती, बघत होती. समोर बसलेल्या बहिऱ्या म्हाताऱ्याला काही कळत नाही, असं ज्याला खरोखर वाटतं, तो त्याच्यापासून तोंड कशाला लपवेल? त्या घरात वाढलेलं माणूसच असा हात धरतं. त्याला येत होतं. सगळं येत होतं. आठवड्यामागून आठवडे तो या माणसासमोर बसला होता, पाणी मागताना त्याला बघत होता, 'बघतो' म्हणत होता, आणि बाहेर पडून तिला फोन करत होता की गाल भरलेत. केसाने गळा कापणं म्हणजे काय, हे तिला आजवर नुसतं म्हणण्यापुरतं माहीत होतं. आज ते तिच्यासमोर खुर्चीत बसलं होतं.

"हात काढ," ती म्हणाली.

"काय?"

"तोंडावरचा हात काढ. आणि अण्णांकडे बघून तेच परत बोल."

त्याने हात काढला नाही. संचालिकाबाईंनी टेबलावरचं पेन उचलून दुसरीकडे ठेवलं. बाहेरच्या हॉलमध्ये टीव्हीवर कुणीतरी हसत होतं. धाकट्याने खुर्ची फिरवली, भिंतीकडे तोंड केलं, अण्णांना त्याचा गालसुद्धा दिसणार नाही असं.

"काय करायला हवं होतं मी?" तो भिंतीला म्हणाला. "तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, घरी घेऊन जा. कुणाच्या घरी? तू तिकडे दिवसभर गाडीत. माझ्या घरात ही म्हणते, ते आले तर मी एक दिवस राहणार नाही. मुलांनी अण्णांची खोली घेतलीय. मी यांना एकदा सांगून बघितलं, तर या म्हणाल्या, पटत नसेल तर घेऊन जा. कुठे नेऊ? मग मी गप्प बसलो. इथे डोक्यावर छप्पर तर आहे."

"आणि पाणी?"

"मला वाटलं, तोंड परत वाकडं होईल," तो हळू म्हणाला. "म्हणजे... ते बोलायचे थांबले असते, तर बरं झालं असतं, असं वाटायचं मला."

आता त्याला शरम वाटत होती, हे दिसत होतं. पण शरमेने काय होतं? शरमेने तहान भागत नाही. क्लचबाईला वाटलं होतं, आपण त्याच्या कानाखाली आवाज काढू. हात उचललाच गेला नाही. तिला फक्त थकल्यासारखं वाटलं, आणि खूप एकटं. आईबापांची भाषा आता तिघांपुरतीच उरली होती, आणि त्यातल्या एकाने तिचा उपयोग बापाची फिर्याद दाबून टाकायला केला होता.

"मी नेते त्यांना," ती म्हणाली. "आज. आत्ता."

"माझी हरकत नाही," धाकटा म्हणाला. लगेच म्हणाला. इतक्या चटकन म्हणाला की संचालिकाबाईंनीसुद्धा त्याच्याकडे वळून बघितलं.

ती अण्णांच्या खुर्चीपाशी गेली. इतका वेळ ते एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर नजर फिरवत होते, आणि एकही तोंड त्यांच्याकडे नव्हतं. तिने आधी टेबलावरचा पेला परत भरून त्यांच्या ओठांना लावला. ते घटाघट प्यायले, सदऱ्यावर सांडलं. ओठ पुसून घेतल्यावर त्यांनी विचारलं, 'काय म्हणाला तो?'

तिला एकदम त्यांची कीव आली. म्हातारा माणूस, एकुलता एक मुलगा. हे ऐकवून काय मिळणार? तिने ओठ उघडले, नीट, सुटे सुटे शब्द केले. 'चुकलं म्हणाला. घेऊन जा म्हणाला.'

अण्णा तिच्या ओठांकडे बघत राहिले. शब्द संपल्यावरही बघत राहिले.

'ठमे,' ते म्हणाले, 'त्याने निदान तोंड झाकलं. तू उघड्या तोंडाने खोटं बोलतेस.'

ती त्यांच्या पायाशी खाली बसली, म्हणजे तिचं तोंड त्यांच्या बरोबर समोर आलं. आणि धाकटा जे जे बोलला होता ते सगळं, पहिल्या 'नाही हो'पासून, त्याच शब्दांत, एकही न गाळता तिने अण्णांना सांगायला घेतलं. आवाज नव्हता. अण्णा मान हलवून पुढे जाऊ देत होते.

धाकटा निघायला म्हणून दारापाशी गेला होता. तिथे तो थांबला. तिथून ताईचं तोंड दिसत होतं, आणि वाचता तर त्यालाही येत होतं.